ठाणे जिल्ह्याची वेळ: निम्न कक्षेतील उपग्रहांविषयी खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, ठाणे

प्रत माहितीसाठी: मा. आयुक्त, ठाणे महानगरपालिका, मा. आयुक्त, कल्याण-डोंबिवली महानगरपालिका

विषय: उपग्रहांकडून मिळणारी वेळ व स्थान, त्यांना निम्न कक्षेतील उपग्रहांची जोड आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखडा

महोदय,

उपग्रहावरून स्थान काढणे हे मुळात वेळ मोजण्याचे काम आहे. जीपीएसचा प्रत्येक उपग्रह आपल्या अणुघड्याळाची वेळ आणि आपला ठावठिकाणा अखंड प्रक्षेपित करत असतो. हा संदेश एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर अंतर कापतो. तो किती उशिरा पोचला यावरून उपग्रह किती लांब आहे ते कळते. स्थानाचे तीन आकडे आणि जमिनीवरच्या यंत्राच्या साध्या घड्याळाची चूक अशा चार गोष्टी अज्ञात असल्यामुळे किमान चार उपग्रह दिसावे लागतात. गणित सुटले की यंत्राला आपली जागा कळते आणि त्याच हिशेबात मायक्रोसेकंदाच्या दहाव्या भागाहूनही अचूक वेळ हाती येते. मोबाइलवर रस्ता शोधणाऱ्याला ही वेळ कधी दिसत नाही. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीची वीज, मोबाइल सेवा आणि रेल्वे मात्र तिच्यावर विसंबून आहेत. म्हणून या पत्रात नकाशापेक्षा घड्याळाचा विचार अधिक आहे.

चंद्रपूरहून ७५२ किलोमीटर अंतर कापून येणारी १,५०० मेगावॉट क्षमतेची एचव्हीडीसी (उच्चदाब एकदिश प्रवाहाची) वाहिनी भिवंडी तालुक्यातील पडघ्याला संपते. पडघ्याहून ४०० केव्हीच्या वाहिन्या कळव्याला येतात, आणि राज्यभरातल्या विजेची आवक-जावक सांभाळणारे राज्य भार प्रेषण केंद्रही तिथून जवळच, ऐरोलीला आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या मोठ्या भागाची वीज गेली. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. कळवा-पडघा मार्गावरच्या एका सर्किटचे देखभालीचे काम चालू असताना भार दुसऱ्या सर्किटवर होता आणि त्यातच बिघाड झाला, असे ऊर्जामंत्र्यांनी त्या दिवशी सांगितले. त्या बिघाडाशी उपग्रहांचा काही संबंध नव्हता. पण अशा घटनेत वाहिन्या कोणत्या क्रमाने पडल्या, आधी काय झाले आणि त्याचा परिणाम म्हणून काय झाले, हे ठरवायचे तर प्रत्येक उपकेंद्रातली नोंद एकाच घड्याळाप्रमाणे झालेली असावी लागते. एका उपकेंद्राचे घड्याळ काही मिलिसेकंद पुढे असले तरी कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होऊ शकते.

चौकशी ही घटनेनंतरची गोष्ट. रोजच्या कामातही हीच वेळ लागते. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. दोन ठिकाणच्या विजेच्या लाटा एकमेकींच्या किती मागेपुढे आहेत ते अंशांत मोजले जाते, आणि एक अंश म्हणजे सुमारे ५६ मायक्रोसेकंद. हे मोजणारी यंत्रे आता देशभरातल्या मोठ्या उपकेंद्रांत आहेत. त्यांना वेळ उपग्रहाकडून मिळते आणि मापनातली एकूण चूक एक टक्क्याच्या आत ठेवण्याचे बंधन असते. ती सगळी चूक एकट्या घड्याळाची धरली तरी ३२ मायक्रोसेकंदांच्या आसपास मर्यादा संपते. डोंगराळ भागात वाहिनी नेमकी कुठे तुटली हे दोन्ही टोकांना पोचलेल्या विद्युतलहरींच्या वेळेवरून काढतात. तिथे एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे जागेत दीडशे मीटरचा फरक. शहापूर किंवा मुरबाडच्या डोंगरात भर पावसात फिरणाऱ्या लाइनमनला दीडशे मीटर थोडे नसतात.

मोबाइलचे तसेच आहे. फाइव्ह-जीच्या मुख्य पट्ट्यात मनोरा एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने बोलतो आणि ऐकतो. शेजारचे मनोरे हे एकाच ठेक्यात करत नसतील तर एकाचे बोलणे दुसऱ्याच्या ऐकण्यावर आदळते. त्यासाठी प्रत्येक मनोऱ्याची वेळ मूळ प्रमाणवेळेपासून दीड मायक्रोसेकंदापेक्षा जास्त ढळू द्यायची नसते. डोंबिवलीसारख्या दाट वस्तीत मनोरे हाकेच्या अंतरावर असतात, तिथे ही शिस्त अधिकच लागते. इमारतीच्या गच्चीवर कंपनीच्या कपाटाशेजारी एका लोखंडी नळीवर पांढऱ्या टोपीसारखा छोटा अँटेना दिसतो, तो या वेळेसाठी असतो. त्याला चारही बाजूंनी मोकळे आकाश लागते. पावसाळ्यापूर्वी गळती थांबवण्यासाठी सोसायटी गच्चीवर पत्रे टाकते, आणि ती टोपी पत्र्याखाली गेली की मनोऱ्याचे आकाश गेले. मग कपाटातले क्वार्ट्झचे घड्याळ काही तास वेळ सांभाळते. रुबिडियमचे महाग घड्याळ असेल तर साधारण दिवसभर. त्यानंतर सेवा खालावते, आणि ग्राहकाला नेटवर्क का गेले ते कळत नाही.

घड्याळांच्या फरकाशी ठाण्याची ओळख जुनी आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली. पुढे १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईने तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली आपली वेळ बऱ्याच व्यवहारांत १९५५ पर्यंत टिकवली. दोन वेळा मनात धरून लोक गाड्या पकडत होते, कारण चूक मिनिटांची असली तरी ती माणसाला दिसत होती आणि दुरुस्त करता येत होती. मायक्रोसेकंदाची चूक यंत्रालाच कळते, आणि फसवले गेले तर यंत्रालाही कळत नाही.

गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या रेल्वेच्या ‘कवच’ प्रणालीतून एक चांगला धडा घेण्यासारखा आहे. गाडी कुठे आहे हे ती रुळांमध्ये बसवलेल्या आरएफआयडी टॅगवरून ओळखते. स्थानासाठी आकाशावर विसंबत नाही. गाडी आणि स्थानक यांच्यातली रेडिओची बातचीत मात्र ठरलेल्या क्षणांच्या खाचांत बसवलेली असते आणि त्या खाचा उपग्रहाच्या वेळेवर जुळवतात. म्हणजे अत्यंत काळजीपूर्वक रचलेल्या सुरक्षा यंत्रणेतही स्थानाला दुसरी सोय झाली, पण वेळेसाठी नजर आकाशाकडेच राहिली. बाकीच्या वापरांची यादी लांबलचक आहे: २०२२ पासून यात्री अॅपवर दिसणाऱ्या मध्य रेल्वेच्या लोकल, टीएमटी आणि केडीएमटीच्या बस, रुग्णवाहिका, भूमी अभिलेख खात्याची रोव्हर या उपग्रहाधारित यंत्रावरची मोजणी, सीसीटीव्हीच्या चित्रणावर उमटणारी वेळ. यातले काही थोडा वेळ बंद पडले तर गैरसोय होते, अनर्थ होत नाही. वीज, दूरसंचार आणि सिग्नल यांचे तसे नाही.

आता या वेळेचा उगम किती नाजूक आहे ते पाहू. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. एवढ्या लांबून आलेला संदेश जमिनीवर पोचतो तेव्हा त्याची शक्ती एका वॅटचे एक कोटी अब्ज भाग केले तर त्यातल्या एखाद-दीड भागाइतकी उरते. तो यंत्राच्या स्वतःच्या खरखरीखाली दबलेला असतो आणि केवळ त्याचा सांकेतिक क्रम आधीपासून माहीत असल्यामुळे वेचून काढता येतो. त्याच फ्रिक्वेन्सीवर जवळपास कोणी नुसता गोंगाट केला तरी तो बुडतो; याला जॅमिंग म्हणतात. अमेरिकेत नेवार्क विमानतळाच्या शेजारच्या रस्त्यावरून जाणाऱ्या एका ट्रकचालकाने मालकाला आपला माग लागू नये म्हणून गाडीत खिशात मावेल एवढा जॅमर लावला होता. २०१२ मध्ये तो सापडला तेव्हा विमानतळावरच्या उतरण्याच्या यंत्रणेत त्यामुळेच अडथळा येत असल्याचे उघड झाले. त्याहून वाईट प्रकार स्पूफिंगचा. यात खऱ्यासारखा दिसणारा खोटा संदेश पाठवून यंत्राला चुकीची जागा किंवा चुकीची वेळ पटवली जाते. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली विमानतळाच्या परिसरात असे घडले. १ डिसेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने राज्यसभेत दिलेल्या उत्तरात अशा अडथळ्यांच्या नोंदी मुंबईसह इतर मोठ्या विमानतळांकडूनही आल्याचे सांगितले. मुंबईला उतरणारी विमाने ज्या आकाशातून जातात, त्याच आकाशाकडे ठाण्याच्या गच्च्यांवरचे अँटेना तोंड करून आहेत.

शत्रू नसला तरीही चूक होते. २६ जानेवारी २०१६ रोजी जीपीएसचा एक जुना उपग्रह सेवेतून काढताना काही उपग्रहांवर चुकीचा आकडा चढला आणि त्यांनी सांगितलेली प्रमाणवेळ सुमारे १३ मायक्रोसेकंदांनी ढळली. दीड मायक्रोसेकंदाची मर्यादा असलेल्या दूरसंचार यंत्रणांत जगभर धोक्याचे इशारे वाजले आणि ब्रिटनमध्ये बीबीसीच्या डिजिटल रेडिओत व्यत्यय आला. स्थान सांगण्यात मात्र काहीच चूक झाली नाही. नकाशा पाहणाऱ्या कोणालाही बारा तास पत्ता लागला नाही, आणि घड्याळे तेवढा वेळ चुकत होती. जुलै २०१९ मध्ये युरोपची गॅलिलिओ ही यंत्रणा जमिनीवरच्या वेळ सांभाळणाऱ्या केंद्रातील बिघाडामुळे जवळजवळ आठवडाभर बंद पडली.

भारताची स्वतःची यंत्रणा नाविक. तिचे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असून ते ठाण्याहून कायम दिसतात, हा तिचा मोठा गुण. पण तिची घडी विस्कटलेली आहे. सुरुवातीच्या उपग्रहांवरची परदेशी अणुघड्याळे निकामी झाली. ऑगस्ट २०१७ मध्ये बदली उपग्रह उष्णतारोधक कवच न सुटल्याने गेला. जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. जुलै २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे स्थान आणि वेळ पुरवणारे उपग्रह चारच उरले होते. मे २०२३ मधल्या एनव्हीएस-०१ वर अहमदाबादला घडवलेले स्वदेशी रुबिडियम घड्याळ गेले ही त्यातली आशेची बाब. तरी चारांपैकी एक बंद पडला की स्वतंत्रपणे स्थान काढता येत नाही, हे गणित बदलत नाही.

निम्न कक्षेतील, म्हणजे पृथ्वीच्या बरेच जवळून फिरणाऱ्या उपग्रहांचा विचार इथे येतो, आणि तो वाटतो तेवढा नवा नाही. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक वर गेला तेव्हा अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गायर आणि वायफेनबाख या दोघांनी त्याच्या बीप आवाजाची फ्रिक्वेन्सी उपग्रह जवळ येताना चढते आणि लांब जाताना उतरते हे टिपले आणि त्यावरून त्याची कक्षा काढली. जमिनीवरची जागा माहीत असताना उपग्रह कुठे आहे हे कळते, तर उपग्रह कुठे आहे हे माहीत असताना जमिनीवरची जागाही कळेल, असा उलटा विचार पुढे आला. त्यातून सुमारे १,१०० किलोमीटर उंचीवरची ट्रान्झिट यंत्रणा उभी राहिली. १९६४ पासून अमेरिकी नौदलाने ती वापरली, १९६७ मध्ये ती नागरी जहाजांना खुली झाली आणि १९९६ अखेर तिची सेवा संपली. उपग्रह मोजके होते, त्यामुळे एक डोक्यावरून गेला की पुढच्याची वाट पाहावी लागे. संथ चालणाऱ्या जहाजाला ते चाले, विमानाला चालत नसे. वर गेले की थोड्या उपग्रहांत सगळी पृथ्वी दिसते, म्हणून जीपीएस वर गेला. अखंडपणा मिळाला आणि त्याची किंमत क्षीण संदेशाच्या रूपाने मोजली गेली.

उपग्रह सोडणे स्वस्त झाल्यावर खाली परत येणे शक्य झाले. इरिडियमचे ६६ उपग्रह ७८० किलोमीटर उंचीवर आहेत. जीपीएसपेक्षा ते पंचवीस पटींनी जवळ आहेत, आणि शक्ती अंतराच्या वर्गाने घटत असल्यामुळे केवळ जवळ असण्याने संदेश सहाशेपटींहून बळकट होतो. त्यांच्यावरून दिली जाणारी वेळसेवा जीपीएसच्या सुमारे हजारपट शक्तीची असल्याचे सांगितले जाते आणि ती इमारतीच्या आतही पोचते. झोना या अमेरिकी कंपनीने २५८ उपग्रहांची योजना आखली असून प्रत्यक्ष सेवेच्या धर्तीवर घडवलेला तिचा पहिला उपग्रह जून २०२५ मध्ये वर गेला. युरोपीय अवकाश संस्थेने चाचणी उपग्रहांची कंत्राटे २०२४ मध्ये दिली.

बळकट संदेशाचा अर्थ ठाण्याच्या रस्त्यावर असा. तीन हात नाक्याच्या पुलाखाली उभा असलेला एखादा जॅमर तीन किलोमीटरपर्यंत जीपीएस बुडवत असेल, तर शंभरपट बळकट संदेशापुढे त्याचा पल्ला दहापटीने घटून तीनशे मीटरवर येतो आणि बाधित क्षेत्रफळ शंभरपटीने घटते. जॅमिंग संपत नाही. ते करणाऱ्याला मोठे यंत्र लागते, आणि मोठे यंत्र शोधून काढणे सोपे असते. दुसरा फायदा वेगाचा. हे उपग्रह सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने जातात आणि दहा-पंधरा मिनिटांत क्षितिजापार होतात. कोन इतक्या भरभर बदलत असल्यामुळे घोडबंदर रस्त्यावरच्या उंच इमारतींवर आपटून येणारे प्रतिध्वनी एका जागी टिकत नाहीत आणि अचूक मोजणीला लागणारा प्रतीक्षाकाळ कमी होतो. क्लस्टर योजनेच्या हद्दी रोव्हरने मोजणाऱ्यांना याचा उपयोग होईल. तिसरे म्हणजे यातील नव्या सेवांना सुरुवातीपासूनच सांकेतिक स्वाक्षरी जोडता येते; खोटा संदेश ओळखण्याचा तो एक भरवशाचा उपाय आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र यांतली कोणतीच नाही. स्थान काढायला चार उपग्रह लागतात, कारण अज्ञात गोष्टी चार असतात. पडघ्याचे उपकेंद्र, कल्याणचे सिग्नल कपाट, डोंबिवलीच्या गच्चीवरचा मनोरा हे जागचे हलत नाहीत. त्यांचे अक्षांश, रेखांश आणि उंची एकदा मोजली की कायमची माहीत असते. उरते ती फक्त घड्याळाची चूक, आणि तिला एक उपग्रह पुरतो. त्यामुळे शेकडो उपग्रहांचे जाळे पूर्ण होण्याची वाट न पाहता, कोणत्याही क्षणी एक उपग्रह दिसतो एवढ्या आजच्या परिस्थितीतही निम्न कक्षेतून वेळ घेता येते. नकाशासाठी ही व्यवस्था पुरेशी व्हायला काही वर्षे जातील. घड्याळासाठी ती आज उपयोगाची आहे. जिल्ह्याने सुरुवात घड्याळापासून करावी ती या कारणासाठी.

या व्यवस्थेच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगायला हव्यात. पारसिकच्या बोगद्यात किंवा ठाणे-बोरिवलीच्या होऊ घातलेल्या जोडबोगद्यात कोणत्याही कक्षेतला संदेश शिरणार नाही. तिथे भिंतीवरचे बीकन आणि केबलच लागतील. दुसरा प्रश्न या उपग्रहांना स्वतःला वेळ कोण सांगते, हा. अनेक छोट्या उपग्रहांवर अणुघड्याळ नसते. ते वरच्या जीपीएसकडूनच वेळ घेतात. जमिनीवरच्या जॅमरपासून ते दूर असतात हे खरे, पण २०१६ सारखी चूक जीपीएसमध्येच झाली तर तीच चूक खाली येते. जमिनीवरच्या अणुघड्याळांशी स्वतंत्रपणे जोडलेली सेवाच खरा पर्याय ठरते. तिसरा प्रश्न मालकीचा. एका परदेशी लष्कराच्या यंत्रणेवरचे अवलंबित्व सोडून एका परदेशी खासगी कंपनीवर विसंबणे ही प्रगती नव्हे. म्हणून निम्न कक्षा हा तिसरा आधार असावा. पहिला नाविकसह सर्व उपग्रह यंत्रणांचा, आणि दुसरा जमिनीखालच्या ऑप्टिकल फायबरचा. नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा भारतीय प्रमाणवेळ राखते, आणि ती फायबरने देशभर पोचवण्याचे काम इस्रो व वैधमापन विभागाच्या साथीने चालू आहे. पण ज्या शहरांत रस्ता खोदताना केबल तुटणे नेहमीचे आहे, तिथे एकट्या फायबरवर भिस्त ठेवता येणार नाही.

निम्न कक्षेत उपग्रहांचे जाळे पोचवणे भारताला अवघड नाही. ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये इस्रोच्या एलव्हीएम-३ ने वनवेबचे एकूण ७२ उपग्रह श्रीहरिकोट्याहून सोडले. नाविकची वेळ खालच्या कक्षेतून बळकट स्वरूपात पुन्हा प्रक्षेपित करणारे भारतीय उपग्रह असावेत ही मागणी इस्रो आणि इन-स्पेसपुढे जायलाच हवी, आणि ती ज्यांना वेळ लागते त्या जिल्ह्यांकडून, वीज कंपन्यांकडून आणि रेल्वेकडून गेली तर तिला वजन येईल.

जिल्हा पातळीवर करण्याजोगे काम यापेक्षा जवळचे आहे. महापारेषण, महावितरण, मध्य रेल्वे, दूरसंचार कंपन्या आणि महानगरपालिका एकमेकांच्या अधिकारात नाहीत; त्यांना एका टेबलाशी बोलावण्याचा अधिकार आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाला आहे, आणि जिल्हा आराखड्याचा दरवर्षी आढावा घेण्याचे बंधनही त्याच कायद्यात आहे. पुढच्या आढाव्यात एक परिशिष्ट या वेळेचे असावे. प्रत्येक संस्थेने त्यात आपली कोणती यंत्रे उपग्रहाची वेळ घेतात, अँटेना कुठे आहे, संदेश गेला तर यंत्र किती तास तग धरते आणि त्यानंतर काय बंद पडते, एवढेच लिहून द्यावे. ही माहिती गोळा करायला फारसा खर्च नाही. ती आज एका ठिकाणी नसल्यामुळेच कोणत्या यंत्रासाठी दुसरा आधार तातडीचा आणि कोणत्यासाठी नाही, हे ठरवता येत नाही. परिशिष्टाचा तपशील अर्थातच गोपनीय ठेवावा लागेल.

दोन्ही महानगरपालिकांच्या निविदांत वेळ घेणाऱ्या उपकरणासाठी चार ओळी वाढवल्या तर पुढची दहा वर्षे सोपी जातील: उपकरण नाविकसह किमान दोन यंत्रणा आणि दोन फ्रिक्वेन्सी वापरणारे असावे, खोटा संदेश आल्यास त्याने इशारा द्यावा, संदेश नसताना दीड मायक्रोसेकंदात किती तास राहते ते पुरवठादाराने लेखी द्यावे, फायबर किंवा निम्न कक्षेतील सेवेसाठी दुसरी जोडणी मोकळी असावी. नियंत्रण कक्षाच्या तळमजल्यावर, म्हणजे गच्चीची गरज नसलेल्या ठिकाणी, निम्न कक्षेतील वेळसेवेचे केवळ ग्रहण करणारे एक यंत्र दूरसंचार विभागाच्या परवानगीने बसवून त्याची वेळ पावसाळ्याचे चार महिने फायबरच्या वेळेशी ताडून पाहावी. सेवा देणारी कंपनी काय सांगते यापेक्षा ती नोंद अधिक भरवशाची ठरेल.

आणि जून उजाडण्यापूर्वी पुराची रंगीत तालीम होते तशी एक तालीम वेळेचीही व्हावी. संबंधित संस्थांना आधी सूचना देऊन, कमी वर्दळीच्या वेळी, पर्यायी वेळ हाताशी ठेवून, एका उपकेंद्राच्या, एका मनोऱ्याच्या आणि एका नियंत्रण कक्षाच्या अँटेनाची केबल ठरलेल्या तासांसाठी काढून ठेवावी. कोणते घड्याळ किती ढळले, इशारा कोणाकडे गेला, त्याने कोणाला फोन केला आणि मूळ वेळेवर परत यायला किती वेळ लागला हे लिहून आराखड्याच्या परिशिष्टाला जोडावे.

कळावे.